मेंदूतील रक्तवाटांचा शोधयात्री

मेंदूतील रोहिणी आणि नीला यांच्यामध्ये केशवाहिन्यांचे जाळे नसेल, तर त्यांचा थेट गुंता तयार होतो. रक्ताच्या दाबाने तो फुटला, की जिवावर बेतते. कवटी न उघडता हा गुंता पाहण्याची वाट पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी खुली केली.

२९ नोव्हेंबर १८७४ रोजी अवांका येथे जन्मलेले मोनिझ कोइम्ब्रा विद्यापीठात वैद्यक शिकले. १९११ मध्ये ते लिस्बनमध्ये मज्जाविकारशास्त्राचे प्राध्यापक झाले. राजकारणातही त्यांनी मोठी मजल मारली. संसद सदस्य, राजदूत आणि १९१८ मध्ये परराष्ट्रमंत्री अशी पदे त्यांनी भूषविली. पन्नाशी उलटल्यावर मात्र ते संशोधनात रमले.

क्ष-किरणांच्या चित्रात कवटी दिसे, आतील रक्तवाहिन्या दिसत नसत. क्ष-किरण अडवणारे द्रव्य मानेतील रोहिणीत सोडायचे आणि लगेच चित्र घ्यायचे, ही मोनिझ यांची कल्पना. गाउटमुळे त्यांचे हात अधू झाले होते. त्यामुळे सुई धरली ती त्यांचे सहकारी अल्मेदा लिमा यांनी. सुरुवातीच्या प्रयोगांत एक रुग्ण दगावला. द्रव्य बदलण्यात आले आणि जून १९२७ मध्ये सोडियम आयोडाइडने यश दिले. मेंदूच्या अँजिओग्राफीचा जन्म झाला.

१९४९ चे नोबेल त्यांना मिळाले ते मात्र दुसऱ्याच कामासाठी. मनोरुग्णांच्या मेंदूतील तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९३५ मध्ये सुरू केली होती. तिने अनेकांचे व्यक्तिमत्त्वच हिरावले आणि पुढे ती मागे पडली. १३ डिसेंबर १९५५ रोजी मोनिझ यांचे निधन झाले.

अँजिओग्राफी मात्र टिकली. १९८६ मध्ये स्पेट्झलर आणि मार्टिन यांनी या गुंत्यांची प्रतवारी मांडली. तीन सेंटिमीटरहून लहान गुंत्याला एक गुण, तीन ते सहापर्यंत दोन, त्याहून मोठ्याला तीन. वाचा, दृष्टी, हालचाल अशा महत्त्वाच्या भागाला तो लागून असेल तर आणखी एक. रक्त खोलवरच्या नीलांत जात असेल तर आणखी एक. बेरीज जितकी जास्त, तितकी शस्त्रक्रिया जोखमीची. चाकू धरावा की थांबावे, हा निर्णय त्यावर तोलला जातो. आता सुई मानेत नव्हे, तर बहुधा मांडीत किंवा मनगटात शिरते. गौरव झालेला उपचार इतिहासजमा झाला; नोबेलने डावललेले निदान मात्र आजही रुग्णांचे प्राण वाचवत आहे.