परीक्षकांचीही परीक्षा

पंकज कपूर आणि शबाना आझमी यांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो ज्यांच्या आयुष्यावरून सुचला, त्या डॉ. सुभाष मुखर्जींची खरी कहाणी मला चित्रपटापेक्षाही अस्वस्थ करते.

मुखर्जींचा जन्म १९३१ साली हजारीबागला झाला. शिक्षण कलकत्त्यात आणि पुढे एडिंबरोला. मायदेशी परतल्यावर तुटपुंज्या साधनांनिशी, दोन सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी स्त्रीबीज शरीराबाहेर फलित केले, तो गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवला आणि मग आईच्या गर्भाशयात सोडला. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी झाली. तिला जग ‘दुर्गा’ म्हणून ओळखू लागले. इंग्लंडमधली जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी तिच्याहून जेमतेम सव्वादोन महिन्यांनी मोठी!

पश्चिम बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. माझ्या मते चौकशी व्हायलाच हवी होती. मानवी गर्भावरचा प्रयोग ही शास्त्रज्ञाची खासगी बाब नव्हे. आईबापांची संमती, बाळाची सुरक्षितता, गर्भ गोठवण्याची पद्धत, हे सारे समाजाने विचारायलाच हवे. पण समितीचे अध्यक्ष होते रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक, आणि या तंत्राचा अनुभव सदस्यांपैकी कुणालाच नव्हता. दावा खोटा ठरला. जपानमधल्या परिषदेला जायची परवानगी नाकारली गेली. शेवटी या संशोधकाची बदली झाली ती नेत्ररोग संस्थेत! १९ जून १९८१ रोजी मुखर्जींनी जीवनयात्रा संपवली.

पुढे १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले आणि देशातले पहिले म्हणून गाजले. याच आनंद कुमारांनी मुखर्जींची कागदपत्रे अभ्यासली आणि पहिलेपणाचा मान मुखर्जींचा आहे, असे १९९७ साली जाहीरपणे मांडले. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट असा उतरवून देणारे किती सापडतील?

आज आपल्याकडे प्रयोगशाळेत मानवी गर्भ १४ दिवसांपुढे वाढवायला मनाई आहे. मूलपेशी संशोधनासाठी नैतिक समित्या आहेत, वंध्यत्वोपचारांसाठी २०२१ चा कायदा आहे. ही कुंपणे हवीतच. पण कुंपणावरचा राखणदार जाणकार हवा, आणि त्याच्या निकालावर दाद मागायला वाटही हवी. मुखर्जींना यातले काहीच मिळाले नाही.