हेन्रिएटा लॅक्स यांचे ऋण

हेन्रिएटा लॅक्स यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात झाला. तंबाखूच्या शेतात राबून वाढलेल्या या कृष्णवर्णीय बाई पाच मुलांच्या आई होत्या. १९५१ साली बाल्टिमोर येथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने त्या अवघ्या ३१ व्या वर्षी वारल्या.

त्यांच्या गाठीतील पेशी डॉक्टरांनी त्यांना न विचारताच घेतल्या होत्या. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या व पोलिओ लसीच्या चाचणीला उपयोगी पडल्या. 'हीला' पेशी जगभर गेल्या. बाईंचे नाव मात्र कित्येक वर्षे चुकीचे छापले गेले.

पुढे याच पेशींत पॅपिलोमा विषाणूचा १८ वा प्रकार सापडला. २०१३ साली शास्त्रज्ञांनी पेशींतील डीएनएची अक्षरे ओळीने वाचली, तेव्हा दिसले की विषाणू आठव्या गुणसूत्रावर, वाढ चालवणाऱ्या जनुकाजवळ ठाण मांडून त्याला चेतवीत होता. हा मजकूर कोणाला द्यावा, हे ठरविताना त्याच वर्षी कुटुंबालाही स्थान मिळाले.

बाईंच्या कबरीवर नावाचा दगड २०१० साली बसला. हश्काबा म्हणताना आपण मृताचे नाव घेतो. भगिनींनो, तपासणीस जाल, मुलांना लस द्याल, तेव्हा हेही नाव आठवावे, अशी आमची विनंती आहे.