पंडिता रमाबाई : दिव्याने दिवा

मंडळी, आपल्या वागण्याचे पडसाद कुठवर जातात, हे पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) आयुष्यात आपल्याला दिसते. लंडनमध्ये ख्रिस्ती भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांना मायेने सांभाळत. ते पाहून रमाबाई हेलावल्या. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ मध्ये त्या इथे अमेरिकेत आल्या आणि इथल्या मदतीवर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून अनेकांनी आपल्या मुली सदनातून काढून नेल्या. त्याच वर्षी गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. पुढे १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढले. त्या भगिनींना याची कल्पनाही नसेल. आपणही आज कोणाशी कसे वागतो, ते जपूया.