राजा सर टी. माधवराव

सरकारने नेमलेला सल्लागार नेमणाऱ्याचा की प्रजेचा, हा प्रश्न मंत्र्यांच्या आजच्या काळातही सुटलेला नाही. म्हणून राजा सर टी. माधवराव यांचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवावेसे आम्हांस वाटते.

कुंभकोणम येथे १८२८ साली तंजावरी मराठी घराण्यात त्यांचा जन्म झाला. त्रावणकोरच्या राजपुत्रांचे ते प्रथम शिक्षक, पुढे १८५७ पासून दिवाण. मिरी व तंबाखू यांचे सरकारी मक्ते त्यांनी उठविले. महाराजांशी बेबनाव होऊन १८७२ त पद सोडले. नंतर काही काळ ते इंदुरास होते.

१८७५ त मल्हारराव गायकवाडांस पदच्युत करून इंग्रज सरकारने माधवरावांस बडोद्यास धाडले. नेमणूक उघड राजकारणी. गादीवर दत्तक आले ते मालेगावजवळच्या कवळाण्याचे, शेतकरी घरातील बारा वर्षांचे सयाजीराव. आम्हां धरणगावकरांच्या तसे शेजारचेच. कारभार माधवरावांच्या हाती. तरी या मुलास त्यांनी राज्यकारभाराचे पाठ दिले, प्रजेचे सुख हेच राजाचे पहिले काम हे त्यांत मुख्य. ते पाठ पुढे ग्रंथरूपाने छापलेही गेले. आमचा जन्म मास्तरकीत गेला, म्हणून त्यांच्या दिवाणगिरीहून हीच कामगिरी आम्हांस मोठी वाटते. शिष्य शहाणा झाला की गुरूचा अधिकार सरणार, हे काय त्यांस उमगले नसेल? २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांस पूर्ण अधिकार मिळाले, आणि मतभेद होऊन १८८२ त माधवराव बडोदे सोडून गेले.

१८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. १८९१ त ते वारले. त्रिवेंद्रमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा असून त्या चौकाचे नावही त्यावरूनच पडले आहे.