बालमनाची बाजू मांडणाऱ्या मॅमी क्लार्क

अमेरिकेतील वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्याचा विषय निघाला की ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन या खटल्याचा उल्लेख हमखास होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी एकमताने निकाल देऊन सरकारी शाळांतील काळ्या आणि गोऱ्या मुलांची सक्तीची फारकत घटनाबाह्य ठरविली. हा खटला लढविणारे थर्गुड मार्शल आणि निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश अर्ल वॉरेन ही नावे आपल्या कार्यकर्त्यांच्या कानावरून गेलेली असतात. परंतु वेगळे बसविल्याने लहान मुलाच्या मनाचे नेमके काय होते, हा प्रश्न ज्यांच्या संशोधनामुळे पुराव्याच्या रूपाने न्यायालयापुढे आला त्या डॉ. मॅमी फिप्स क्लार्क यांचे नाव क्वचितच घेतले जाते. निकालपत्राच्या गाजलेल्या अकराव्या तळटिपेत त्यांचे पती डॉ. केनेथ क्लार्क यांचे नाव आहे. मॅमी यांचे नाही. मूळ संशोधन मॅमीचे होते आणि आपण त्यात नंतर सामील झालो, हे स्वतः केनेथ यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले होते. म्हणूनच या बाईंचे जीवनकार्य आपल्या वाचकांपुढे ठेवणे अगत्याचे वाटते.

मॅमी यांचा जन्म १९१७ साली अर्कान्सा राज्यातील हॉट स्प्रिंग्ज या गावी झाला. वडील हॅरोल्ड फिप्स हे वेस्ट इंडीजमधून आलेले डॉक्टर. घरची परिस्थिती चांगली होती, आईवडिलांचे प्रेम होते, कशाची ददात नव्हती. परंतु डॉक्टरची मुलगी झाली तरी शाळा काळ्यांसाठीचीच. कोणत्या दुकानात शिरायचे आणि कोणत्या दारातून माघारी फिरायचे हे काळ्या मुलाला फार लवकर कळत असे. त्याच गावात झुंडीने एका काळ्या माणसाची हत्या केल्याची बालपणीची आठवण त्यांच्या मनात आयुष्यभर राहिली. वर्णाची जाणीव आपल्याला कधी झाली हा प्रश्न पुढे त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला, त्याचे मूळ या बालपणात आहे.

१९३४ मध्ये त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात दाखल झाल्या. विषय गणित. परंतु मुलींकडे गणिताच्या प्राध्यापकांचे फारसे लक्ष नसे. तेथेच मानसशास्त्राचे विद्यार्थी केनेथ क्लार्क यांची भेट झाली. मुलांसाठी काम करायचे असेल तर मानसशास्त्र घे, असा आग्रह त्यांनी धरला आणि मॅमी यांनी विषय बदलला. १९३७ मध्ये घरच्यांना न सांगता दोघांनी लग्न केले आणि १९३८ मध्ये त्या पदवीधर झाल्या.

त्या उन्हाळ्यात त्यांनी वॉशिंग्टनमधील वकील ह्यूस्टन यांच्या कार्यालयात सचिवाचे काम केले. वेगळे ठेवा पण समान सोयी द्या, म्हणजे घटनेचा भंग होत नाही, असे १८९६ च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले होते. या निकालाला सुरुंग लावण्याची तयारी ह्यूस्टन यांच्या कार्यालयात चालू होती. थर्गुड मार्शल यांच्यासारखे वकील तेथे येत, चर्चा करीत. हा अन्याय माणसाच्या हातून बदलता येतो याची खात्री मॅमी यांना त्या कार्यालयात पटली.

१९३९ मध्ये त्यांनी एम.ए.चा प्रबंध लिहिला. शाळेत जाण्याच्या वयाआधीच्या काळ्या मुलांमध्ये आपण कोण आहोत ही जाणीव कशी तयार होते, हा त्याचा विषय. पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि पतिपत्नींनी ते संशोधन एकत्र वाढविले. १९४३ मध्ये मॅमी यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून पीएच.डी. मिळविली. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब ज्या विद्यापीठात शिकले तेच हे कोलंबिया. तेथून मानसशास्त्रात पीएच.डी. मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय केनेथ आणि दुसऱ्या मॅमी. त्यांचे मार्गदर्शक प्रा. हेन्री गॅरेट हे वर्णभेदाचे समर्थक होते. अशा माणसाच्या हाताखाली, वाढत्या वयाबरोबर मुलांच्या बौद्धिक क्षमता कशा बदलतात या विषयावर त्यांनी प्रबंध पूर्ण केला.

आता त्या प्रसिद्ध बाहुल्यांच्या चाचणीकडे वळू. चार बाहुल्या घेतल्या. दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. दोन सावळ्या, काळ्या केसांच्या. बाकी सर्व सारखे. तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांपुढे त्या ठेवल्या. त्यातील १३४ मुले अर्कान्सातील वेगळ्या शाळांतील होती आणि ११९ मुले मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्डच्या मिश्र शाळांतील. खेळायला आवडेल ती बाहुली दे, चांगली दे, वाईट दिसते ती दे, असे एकेक सांगत गेले. सुमारे ६७ टक्के मुलांनी खेळण्यासाठी गोरी बाहुली उचलली. ५९ टक्के मुलांनी सावळी बाहुली वाईट म्हणून दाखविली. आणि सर्वांत शेवटी, तुझ्यासारखी दिसणारी बाहुली दे, असे सांगितले. आपण जिला नुकतेच वाईट ठरविले तिच्याकडेच आता बोट दाखवायचे! काही मुले रडू लागली, काही खोलीतून पळून गेली. हे निष्कर्ष १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले.

विषमता मुलाला वेगळे शिकवावी लागत नाही. मुलगा ती हवेसारखी आत घेतो आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षीच स्वतःविरुद्ध निकाल देऊन मोकळा होतो. न्यूनगंड हा त्याच्या स्वभावाचा दोष नसून व्यवस्थेने केलेली इजा आहे, आणि ही इजा मोजून दाखविता येते, हे मॅमी क्लार्क यांनी सिद्ध केले.

वकील या नात्याने या पुराव्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण विरोधक त्या सांगणारच. मिश्र शाळांतील मुलांमध्ये गोऱ्या बाहुलीची पसंती किंचित जास्तच आढळली होती. मग दोष वेगळ्या शाळेचा कसा, असा मुद्दा गोऱ्यांच्या वकिलांनी उपस्थित केला. बाहुलीची पसंती आणि स्वतःविषयीचा आदर या दोन गोष्टी एकच नव्हेत, असे नंतरच्या अभ्यासकांनीही दाखविले. परंतु या आकड्यांचा सरळ अर्थ असा की विष केवळ शाळेच्या भिंतीत नव्हते, सबंध समाजात होते. भिंत पाडणे आवश्यक होते, पण तेवढ्याने भागणार नव्हते.

१९५१ मध्ये केनेथ यांनी दक्षिण कॅरोलिनातील क्लॅरेंडन परगण्यात १६ मुलांवर हीच चाचणी करून न्यायालयात साक्ष दिली. १९५२ मध्ये व्हर्जिनियाच्या खटल्यात सरकारच्या बाजूने साक्षीला उभे राहिले ते प्रा. गॅरेट. त्यांच्या म्हणण्याचे खंडन करण्यासाठी मार्शल यांच्या पक्षाने मॅमी यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. ज्या गुरूने पदवी दिली त्याच गुरूच्या मताविरुद्ध शिष्येने शास्त्राच्या आधारे साक्ष दिली. हे दोन्ही खटले पुढे ब्राऊन खटल्यात एकत्र झाले आणि वेगळे पाडल्याने मुलांच्या मनात हीनत्वाची भावना निर्माण होते, ही गोष्ट निकालपत्रात नोंदली गेली.

एवढे सांगून बहुतेक लोक थांबतात. परंतु मॅमी यांचे खरे आयुष्य न्यायालयाबाहेर गेले, आणि आपण शिकायचे ते तेथूनच. डॉक्टरेट मिळूनही काळ्या स्त्रीला मानाची जागा मिळेना. रिव्हरडेल येथील संस्थेत निराधार काळ्या मुलींच्या चाचण्या घेताना त्यांच्या लक्षात आले की या मुलांच्या मनाची विचारपूस करणारी व्यवस्थाच हार्लेममध्ये नाही. त्यांनी प्रस्थापित सामाजिक संस्थांना विनंत्या केल्या. कोणी दाद दिली नाही. तेव्हा १९४६ मध्ये वडिलांकडून ९४६ डॉलर उसने घेऊन त्यांनी हार्लेममधील डनबार इमारतीच्या तळघरात स्वतःचे केंद्र सुरू केले. तेच पुढे नॉर्थसाइड बालविकास केंद्र म्हणून नावारूपास आले.

सुरुवातीला पालक येण्यास कचरत. तेथे गेले म्हणजे मूल वेडे ठरले, ही भीती! पण शाळांनी ज्या मुलांना मतिमंद ठरवून वेगळ्या वर्गात टाकले होते त्यांचे आईबाप हळूहळू येऊ लागले. केंद्राने मुलांची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा त्यातील बहुतेक मुले त्या वर्गात बसविण्यास कायद्याने पात्रच नव्हती असे आढळले. बुद्धी कमी नव्हती, शाळेची नजर कोती होती. केंद्राने हा प्रश्न जाहीरपणे मांडला. त्याचबरोबर वाचनात मागे पडलेल्यांसाठी वर्ग चालविले, पालकांना सल्ला दिला, घराच्या अडचणींतही लक्ष घातले. मुलाच्या मनाचा विचार त्याच्या घरापासून, शाळेपासून आणि वस्तीपासून तोडून करता येत नाही, ही त्यांची भूमिका होती. १९७९ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी हे केंद्र चालविले. ११ ऑगस्ट १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. केंद्र आजही सुरू आहे.

शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसण्याचा अनुभव बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे, त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही. आज गोणपाट गेले, पण आडनाव विचारणे, प्रवेश परीक्षेतील क्रमांक विचारणे, कोट्यातला म्हणून हिणविणे चालूच आहे. वसतिगृहातील सतरा-अठरा वर्षांचा मुलगा हे सारे गिळतो आणि स्वतःलाच नालायक समजू लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभर लागू होणारे १५ निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असे त्यात आहे. आपल्या मुलांच्या शाळेत, महाविद्यालयात हे झाले आहे काय, हे लेखी अर्ज देऊन विचारणे हे प्रत्येक पालकाचे आणि कार्यकर्त्याचे काम आहे.

परंतु निर्देश मुलाच्या शेजारी येऊन बसत नाही. त्यासाठी माणूस लागतो. आपल्यात आज मानसशास्त्र शिकलेले तरुण-तरुणी आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, वस्तीवस्तीत विहारे आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ विहारातील एक खोली मुलांचे ऐकून घेण्यासाठी आणि मागे पडलेल्यांना शिकविण्यासाठी राखून ठेवायला किती पैसा लागतो? मॅमी क्लार्क यांनी उसनवारीच्या पैशांवर तळघरात सुरुवात केली होती. शाळेने मठ्ठ ठरविलेले आपले मूल मठ्ठ आहे हे मान्य करण्यापूर्वी शाळेची तपासणी करा, हा त्यांच्या आयुष्याचा धडा आहे. तो आपण घेतला पाहिजे.