आठ आणे भाड्याची बंदूक

खर्ड्याची लढाई आपण शाळेत शिकलो ती मराठ्यांच्या बाजूने. सवाई माधवराव पेशवे, नाना फडणीस, परशुरामभाऊ पटवर्धन, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले असे सगळे शेवटचे एकत्र आले आणि ११ मार्च १७९५ रोजी निजामअलीचा पराभव झाला. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळत. समोरच्या फौजेत एक फ्रेंच सेनापती होता, त्याचे नाव बहुधा कंसातही येत नसे. वास्तविक त्या दिवशी हरलेल्या बाजूचा तोच एक माणूस हरला नव्हता.

मी भूमचा. आमच्या गावापासून एका अंगाला परंडा आणि दुसऱ्या अंगाला, जिल्ह्याची हद्द ओलांडून जामखेड तालुक्यात, खर्डा. निंबाळकरांचा भुईकोट आणि परंड्याचा किल्ला हे दोन्ही सकाळी निघून संध्याकाळपर्यंत पाहून घरी येता येते. लढाई झाली ती या दोन किल्ल्यांच्या दरम्यानच्या माळावर. आमचा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे खर्ड्याची गोष्ट ऐकताना आमची अवस्था जरा अवघड होते. मन मराठ्यांकडे असते आणि जुने सरकार समोरच्या छावणीत! त्या अवघडलेपणातूनच मला या फ्रेंच माणसाचे कुतूहल लागले.

त्याचे नाव मिशेल जोआकिम मारी रेमाँ. जन्म १७५५चा, दक्षिण फ्रान्समधल्या गास्कनी प्रांतातला. विशीत, १७७५ साली, तो पाँडिचेरीला उतरला तो तलवार घेऊन नव्हे, व्यापाराचा माल घेऊन. व्यापार फार चालला नाही. पुढे तो हैदरअलीच्या पदरी असलेल्या फ्रेंच पथकात शिरला, मग बुसी हिंदुस्थानात पुन्हा आला तेव्हा त्याच्या तैनातीत राहिला. १७८५ च्या आरंभी बुसी वारला आणि तिशीच्या उंबरठ्यावरचा रेमाँ लवकरच हैदराबादला निजामअलीच्या नोकरीत दाखल झाला.

नोकरी मिळाली, पण बंदुका कुठे होत्या? सुरुवातीला त्याच्या हाताखाली तीनशे माणसे होती. त्यांच्यासाठी त्याने आपल्याच देशाच्या एका व्यापाऱ्याकडून बंदुका भाड्याने घेतल्या. भाडे ठरले दर नगास महिना आठ आणे. आपल्याकडे लग्नाला भांडीकुंडी आणि मांडव भाड्याने आणतात, इथे पलटण उभी राहिली ती भाड्याच्या हत्यारांवर. वाचताना हसू येते. पण व्यापारी म्हणून आलेल्या माणसाने सैन्याचा हिशेब व्यापाऱ्यासारखा मांडला, यात मला त्याची खरी हुशारी दिसते. बंदूक विकत घ्यायला भांडवल लागते; भाड्याची बंदूक शिपायाबरोबर पहिल्या महिन्यापासून कामाला लागते. दहा वर्षांच्या आत तीनशेची संख्या दहा हजारांच्या वर गेली.

त्या काळात कोणती बंदूक चांगली, हा प्रश्न आज गाडी घेताना कोणत्या कंपनीची घ्यावी असे आपण विचारतो तितक्याच पोटतिडकीने विचारला जाई. फरक एवढाच, की तिथे चुकीच्या निवडीची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागे. सगळ्या बंदुका ठासणीच्याच. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर गोळी, मग गजाने ठासायचे. कोकणात शेताच्या राखणीसाठी परवान्यावर मिळालेली अशी बंदूक काही वाचकांनी पाहिलीही असेल.

देशी बंदूक तोड्याची. जळती वात, म्हणजे तोडा, चाप ओढला की रंजकावर टेकते आणि बार उडतो. तिला अडाणी समजण्याची आपल्याला सवय लागली आहे, ती मला पटत नाही. तिची नळी लांब आणि जाड असे, दारू जास्त सोसे, आणि कसलेल्या हातात ती फिरंगी बंदुकीपेक्षा लांबचा व नेमका मारा करी. तिच्यात ठिणगी पडेल की नाही हा प्रश्नच नसे, कारण विस्तव आधीच हाताशी. पण तोच विस्तव तिचा शत्रू. हजार माणसे जळते तोडे घेऊन दाटीने उभी राहिली, तर शेजाऱ्याच्या दारूच्या शिंगाला धोका. रात्री तोड्यांचे निखारे दुरून दिसत, पावसात ते विझत. शिवाय बार भरायला वेळ लागे.

फिरंगी बंदूक चकमकीची. घोड्याच्या जबड्यात गारगोटी बसवलेली असते, चाप ओढला की ती पोलादी पत्र्यावर घासते, ठिणग्या रंजकात पडतात. शिपायाने कागदी काडतूस दातांनी फोडायचे, चिमूटभर दारू रंजकदानीत, उरलेली नळीत, मग गोळी. शिकलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. शिवाय पुढे संगीन असे, म्हणजे बार संपला तरी हातात भाला उरला. दोष असा, की पंचवीस-तीस बारांनंतर गारगोटी बोथट होई, आणि कोरड्या हवेतही मधूनच एखादा बार फुसका जाई. शंभर यार्डांपलीकडे नेमका माणूस टिपणे हा नशिबाचा भाग होता. नळीत आटे पाडलेली रायफल त्या काळीही होती आणि ती नेमकी मारी, पण भरायला इतकी सावकाश की पलटणींच्या कामाची नव्हती.

या चकमकीच्या बंदुकांत दोन घराणी नावाजलेली होती. इंग्रजांची ‘ब्राउन बेस’ आणि फ्रेंचांची, शार्लव्हिल गावच्या सरकारी कारखान्यावरून ओळखली जाणारी. इंग्रजी नळी सुमारे १९ मिलिमीटर रुंद, फ्रेंच साडेसतराच्या आसपास. इंग्रजी गोळी जड, लागली की मोठी जखम करी. फ्रेंच बंदुकीची नळी पितळी किंवा लोखंडी पट्ट्यांनी लाकडाला आवळलेली असे, त्यामुळे ती सैल होत नसे आणि साफसफाईसाठी चटकन सुटी करता येई. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या शिपायांसाठी इंग्रजी बंदुकीचा आखूड आणि स्वस्त नमुना करवून घेतला होता. त्याच्या चापाच्या पट्टीवर पत्त्यातल्या बदामासारखी कंपनीची खूण असे. हा स्वस्त नमुना इतका उतरला, की फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर १७९४ पासून खुद्द इंग्लंडच्या सरकारने कंपनीच्या साठ्यातल्या बंदुका विकत घेतल्या आणि नंतर आपल्या कारखानदारांकडूनही त्याच नमुन्याच्या करवल्या. आपले कारागीरही काही कमी नव्हते. बंदुकीबरोबर ते खुणेचीही हुबेहूब नक्कल उतरवीत. ती खूण पाहून बंदूक घेणारा किती वेळा फसला असेल, देव जाणे.

खरी गोम मात्र खुणेत नव्हतीच. देशी तोड्याच्या बंदुकीत प्रत्येक नळीचे तोंड वेगळे आणि तिच्या गोळीचा साचा वेगळा. शेजाऱ्याच्या गोळ्या संपल्या तर माझ्या त्याला चालत नाहीत. फ्रेंच नळीत इंग्रजी गोळी शिरत नाही. इंग्रजी नळीत फ्रेंच गोळी खुळखुळते आणि निम्मा जोर वाया जातो. म्हणून हजार बंदुका एका मापाच्या असणे हे हजार उत्तम बंदुका असण्यापेक्षा मोलाचे होते. ही गोष्ट नीट ओळखली होती महादजी शिंद्यांच्या पदरच्या डी बॉइनने. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली त्याने तोफा ओतवल्या आणि विलायतीच्या तोडीच्या बंदुका घडवल्या, दर नगास दहा रुपयांत. म्हणजे पहा, रेमाँचा व्यापारी आठ आण्यांनी भाडे घेत होता. वीस महिन्यांच्या भाड्यात आग्र्याला बंदूक मालकीची होत होती! पुढे रेमाँनेही हैदराबादेत तोफा आणि गोळे ओतण्याचा कारखाना घातला. त्या भागाला आजही गनफाउंड्री म्हणतात.

फाल्गुनातल्या त्या दिवशी हे दोन्ही जिन्नस समोरासमोर आले. महादजी आदल्या वर्षीच गेले होते. शिंद्यांच्या कंपूंचे नेतृत्व पेराँ या फ्रेंच सरदाराकडे होते, होळकरांकडे दुद्रनेक हा आणखी एक फ्रेंच. निजामाच्या बाजूला रेमाँची सुमारे अकरा हजारांची फौज. हवा कोरडी, रंजक ओला होण्याची भीती नाही. बंदुकांची परीक्षा घ्यायला याहून चांगला दिवस पंचांगातून काढता आला नसता.

निजामाची फौज खर्ड्याहून परंड्याकडे निघाली असताना उजव्या हाताला मराठे दिसले. पहिल्या चकमकीत परशुरामभाऊ स्वतः जखमी झाले. मग दोन्हीकडची कवायती पायदळे बंदुकीच्या टप्प्यात आली. त्याच वेळी भोसल्यांच्या बाणांचा वर्षाव आणि उंचवट्यावर मांडलेल्या पेराँच्या पस्तीस तोफांचा भडिमार एकदम सुरू झाला आणि निजामाचे घोडदळ फुटले. रेमाँचे पायदळ जागचे हलले नाही. उलट पेराँच्या पलटणींवर ते थोडे चढच ठरू लागले होते. आग्र्याची बंदूक विरुद्ध हैदराबादची बंदूक, असा सामना खरोखर लागला असता तर निकाल काय लागला असता, याची चर्चा करायला मला अजूनही आवडते.

तो लागला नाही. निजामअली जनान्यासह रणात आला होता आणि त्याने खर्ड्याकडे पाय काढला होता. मागे या, असे हुकमावर हुकूम रेमाँला सुटले. शेवटी त्याला लढता लढता वळावे लागले.

पुढची रात्र मला त्या दिवसापेक्षा जास्त बोलकी वाटते. रेमाँचे शिपाई भरलेल्या बंदुका उशाशी घेऊन अर्धवट झोपेत पडले होते. मराठ्यांची एक लहानशी टोळी घोड्यांना पाणी पाजायला ओढ्यावर आली. कोणी तरी तिच्यावर बार काढला. त्यासरशी सगळी रांग दचकून उठली आणि अंधारात समोर कोणी नसताना धडाधड बार काढत सुटली. त्या रात्री चकमक नीट पेटली, दारू कोरडी होती, नळ्या शाबूत होत्या. बंदुकांनी कुठेही दगा दिला नाही! त्या आवाजाने निजामअलीचा उरलासुरला धीर सुटला आणि त्याने खर्ड्याच्या कोटाचा आसरा घेतला. सकाळी मराठ्यांना मोकळे माळ, टाकलेले सामान आणि तोफा सापडल्या. तहात दौलताबादचा किल्ला, मोठा मुलूख आणि कोट्यवधींची खंडणी कबूल करून निजाम सुटला. एवढ्या मोठ्या लढाईत दोन्हीकडची माणसे त्या मानाने थोडीच पडली, हे आमच्या भागाचे नशीब.

गंमत म्हणजे पराभवाने रेमाँचे वजन वाढले. इंग्रजांच्या पलटणी या लढाईत तटस्थ राहिल्या, म्हणून रागावून निजामाने त्या परत पाठवल्या. त्याच वर्षी निजामाचा मुलगा अलीजाह बंड करून उठला, तेव्हा त्याचा पाठलाग करून त्याला औरंगाबादच्या बाजूला पकडले ते रेमाँनेच. वाटेत अलीजाहने विष घेतले. फौज चौदा हजारांच्या घरात गेली. तिच्यावर फ्रेंच क्रांतीचे तिरंगी निशाण फडके, आणि निजामाच्या राज्यातल्या शिपायांच्या बटणांवर स्वातंत्र्याची टोपी कोरलेली असे! इंग्रजांची झोप उडाली ती इथे. पण शिपायांना त्याचा लळा होता. मुसलमान त्याला मूसा रहीम म्हणत, हिंदू मूसा राम. हैदराबादचे मूसारामबाग हे नाव त्यावरूनच आले. परक्या मुलखात दोन्हीकडून असे नाव मिळालेला सेनापती मला दुसरा आठवत नाही.

२५ मार्च १७९८ रोजी, खर्ड्यानंतर तीन वर्षांनी, रेमाँ वारला. वय अवघे बेचाळीस. विषप्रयोगाची वदंता उठली, पुरावा कधी मिळाला नाही. सरूरनगरच्या बाजूला टेकडीवर त्याची कबर आणि काळ्या दगडाचा उंच स्तंभ आहे. स्तंभावर नावाची दोनच अक्षरे, जे आणि आर. 

त्याच्या जागी आलेल्या पिराँला ती फौज पेलली नाही. सप्टेंबरात निजामाने इंग्रजांशी तह केला आणि फ्रेंच अधिकाऱ्यांना काढून टाकण्याचे कबूल केले. पगार थकलेले होते. शिपायांनी चिडून आपल्याच अधिकाऱ्यांना कोंडून ठेवले. २२ ऑक्टोबर १७९८ रोजी इंग्रजी पलटणींनी छावणीला वेढा घातला, माल्कम नावाच्या तरुण कॅप्टनने थकबाकी चुकती करण्याचा शब्द दिला, आणि दिवस मावळायच्या आत हजारो शिपायांनी आपल्या बंदुका खाली ठेवल्या. एकही बार निघाला नाही. त्यांच्यातल्या कित्येकांना काही महिन्यांतच इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली पुन्हा हत्यारे मिळाली आणि १७९९ मध्ये ते टिपूवर चाल करून श्रीरंगपट्टणला गेले.