प्रयोगशाळेतून धावपट्टीकडे : डॉ. वि. मा. घाटगे

विद्यापीठातील संशोधन उद्योगाच्या गरजेशी कसे जोडावे, यावर आज परिसंवाद झडतात. विमानांच्या बाबतीत ही जोडणी स्वातंत्र्यापूर्वीच करून दाखविणारे डॉ. विष्णू माधव घाटगे मात्र महाराष्ट्राच्या फारसे स्मरणात नाहीत.

कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपू येथे १९०८ मध्ये त्यांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठाचे शिक्षण संपवून ते जर्मनीतील गॅटिंगेन येथे गेले आणि लुडविग प्रान्टल यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. विमानाच्या पृष्ठभागालगतच्या हवेच्या पातळ थराचा सिद्धांत मांडणारे हेच ते प्रान्टल. घाटगे घडले ते त्यांच्याच हाताखाली.

परतल्यावर या विद्येचे करायचे काय, हा प्रश्न होता. देशात विमान कारखानाच नव्हता. डिसेंबर १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साह्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली आणि घाटगे प्रारंभीच्या काळातच तेथे दाखल झाले. तेथे त्यांनी दहा आसनी ग्लायडरचा आराखडा केला. परंतु युद्ध पेटले होते आणि कारखाना परदेशी विमानांची जुळणी व दुरुस्ती यांतच गुंतत गेला. स्वतःचे विमान करायचे, तर वायुगतिकी जाणणारे अभियंते हवेत. ते शिकविणारा विभाग देशात नाही, ही खरी अडचण.

डिसेंबर १९४२ मध्ये त्याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकी विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा घाटगे यांच्याकडे आली. वारा-बोगद्यात प्रतिकृती ठेवून आराखडा पारखण्याची दृष्टी विद्यार्थ्यांना येथे मिळू लागली. कारखाना शहराच्या एका टोकाला, संस्था दुसऱ्या. मधला दुवा मात्र एकच माणूस होता.

१९४८ मध्ये घाटगे मुख्य रचनाकार म्हणून कारखान्यात परतले. प्राध्यापकाने विमान करावे, ही तेव्हा धाडसाचीच गोष्ट. कागदावरचे गणित चुकले, तर वैमानिकाच्या जिवाशी गाठ! ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान आकाशात नेले. इंजिन ब्रिटिश बनावटीचे होते हे खरे, पण सांगाडा, पंख आणि त्यामागील सारी आकडेमोड भारतीय होती. अशी दीडशेहून अधिक विमाने तयार झाली. घानाच्या हवाई दलानेही ती घेतली. पुढे फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक, लष्कराच्या टेहळणीसाठी कृषक आणि १९६४ मध्ये किरण हे जेट प्रशिक्षण विमान आले.

मरुत या लढाऊ विमानाचे नाव कुर्ट टँक या जर्मन रचनाकाराशी जोडले गेले, आणि त्या झगमगाटात घाटगे यांची ही साधी विमाने काहीशी झाकोळली. हवाई दलाच्या कित्येक पिढ्या मात्र त्यांवरच उडायला शिकल्या. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली. डिसेंबर १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही नवे वैमानिक किरणवरच धडे गिरवीत होते.